काळ्या लेबलाची बाटली

थोरलीला तोंडावर जळकुकडी म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण ती होती. तिला स्वतःलाही ते ठाऊक होतं. आणि का असू नये? अकरा वर्षं आई तिच्याकडे. आईचं दुखणंखुपणं, आईचा चष्मा, आईच्या नडग्यांची खाज, सगळं हिने बघायचं आणि कौतुक कुणाचं? धाकटीचं. जी तीन महिन्यांतून एकदा येणार, पाऊण तास बसणार, "आई, किती वाळलीस गं," म्हणत थोरलीकडे बघणार आणि घड्याळ बघून निघणार.

एवढ्यावर भागलं असतं तरी थोरलीने ते पोटात घातलं असतं. पण धाकटीने बाटली आणली.

अंगाला लावायच्या लोशनची बाटली. चकचकीत कागदात गुंडाळलेली, वर रिबिनीचं फूल. आत काचेसारखी दिसणारी, पण प्लास्टिकचीच, धुरकट जाड बाटली. काळं लेबल, त्यावर सोनेरी अक्षरं. तिच्या किमतीत घरात आठवड्याचा किराणा आला असता. थोरलीला किंमत पाठ होती, कारण ती बाटली भरायची तिच्याच कारखान्यात.

कारखान्यात थोरलीचं काम तपासणीचं. पट्ट्यावरून बाटल्या सरकत येत, समोर पांढरा दिवा, आणि तिने एकेकीकडे बघायचं. लेबल सरळ आहे का, झाकण घट्ट आहे का, लोशन खुणेपर्यंत आलंय का. जी नापास, तिच्या बुडावर टोकदार सळईने फुली ओरखडायची आणि खालच्या पेटीत टाकायची. सकाळी काळ्या लेबलाच्या बाटल्या भरत. जेवणाच्या सुट्टीनंतर हिरव्या लेबलाच्या, साध्या पांढऱ्या. टाकी तीच, नळी तीच, लोशन तेच. मधे नळी धुवायचेसुद्धा नाहीत, धुवायचं कशाला? नुसती बाटली बदलली की किंमत आठव्या हिश्श्यावर यायची.

हिरव्यातल्या नापास बाटल्या कामगारांना स्वस्तात मिळत, म्हणून थोरलीच्या न्हाणीघरात अकरा वर्षं वाकड्या लेबलाचीच बाटली. काळ्या लेबलाच्या नापास बाटल्या मात्र कुणाला द्यायच्या नाहीत असा नियम होता. त्या भंगारात फोडायला जायच्या. म्हणजे निम्म्या जायच्या. उरलेल्या मागच्या गल्लीत भंगारवाल्याच्या हातगाडीवर अगदी मातीमोल भावात दिसायच्या. हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं. साहेबाला माहीत नव्हतं, निदान तो तसं म्हणायचा.

तर ती बाटली आली आणि घरात जणू पाहुणीच राहायला आली. आईने ती न्हाणीघरात ठेवली नाही. स्वतःच्या कपड्यांच्या कपाटात ठेवली, कुलूप लावून. शेजारीण आली की कुलूप उघडायचं, बाटली दाखवायची, "धाकटीने आणली," म्हणायचं आणि पुन्हा कुलूप.

"थोरले, बघ माझी नडगी," आई म्हणाली. "आठ दिवसांत खाज पळाली की नाही?"

"आई, तू अकरा वर्षं तेच लावतेयस."

"त्याला हा वास नव्हता."

"तोच वास आहे! माझ्या डोळ्यांसमोर एका टाकीतून भरतात."

"मग तुला सर्दी झाली असेल," आई म्हणाली.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच दिवशी तिने शपथ घेतली, त्या बाटलीला हात लावीन तर बापाचं नाव सांगणार नाही. आणि लावला नाहीच. नुसती बघितलीसुद्धा नाही. आईने कपाट उघडलं की ही मान फिरवायची.

नवरा म्हणाला, "अगं, माणसांशी भांडतेस ते समजतं. बाटलीशी काय भांडायचं?"

"तुम्ही गप्प बसा," थोरली म्हणाली. तो बिचारा गप्प बसला. त्याला सवय होती.

पण मनातलं जळणं काही गप्प बसेना. एका रविवारी आईचे केस विंचरताना तिने विषय काढलाच. "आई, खरं सांग. आतला माल एकच, मग जास्तीचे पैसे कशाचे? बाटलीचे आणि सोनेरी अक्षरांचे. शहाणं माणूस असले पैसे टाकतं का?"

आई म्हणाली, "असेल एकच. पण ती दुकानात गेली असेल ना? काचेमागच्या बाटलीकडे बोट दाखवून म्हणाली असेल, ती द्या, माझ्या आईसाठी. दुकानदार म्हणाला असेल, महाग आहे हो. तरी ती म्हणाली असेल, द्या. मला जन्मात कुणी दुकानातलं सगळ्यात महागाचं काही घेतलं नाही. तुझ्या वडिलांनी तर हातरुमालसुद्धा घासाघीस करून घेतला."

"आणि मी?"

"तू काय, तू आहेसच की," आई म्हणाली. "जरा हळू ओढ. केस आहेत, दोरखंड नाही."

तू आहेसच की. थोरलीला ते शब्द रात्रंदिवस टोचत राहिले. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय! आणि दुरून डोंगर साजरे. धाकटी दूर होती, म्हणून साजरी होती.

मग एका संध्याकाळी धाकटीचा फोन आला. आई फोन नेहमी मोठ्या आवाजावर लावायची, त्यामुळे स्वयंपाकघरात थोरलीला सगळं ऐकू येत होतं. धाकटी आपल्या घराच्या गोष्टी सांगत होती. नवा सोफा, बाल्कनी, काय आणि काय. बोलता बोलता म्हणाली, "तू माझ्याकडेच राहायला ये ना आई, कायमची. इथे बाथरूममध्ये तसल्या बाटल्यांची रांगच आहे."

"येते," आई म्हणाली.

पलीकडून धाकटी म्हणाली, "म्हणजे?"

"म्हणजे येते. या रविवारी ने मला."

थोरलीच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. आई जाणार! तिच्या डोक्यात भराभर हिशेब सुरू झाला. खाजेची कटकट जाईल, चष्मा शोधणं जाईल, टोमणे जातील, खोली मोकळी होईल. आणि संध्याकाळी कामावरून आल्यावर "आलीस का गं?" कोण विचारणार? हिशेब तिथेच अडला. अकरा वर्षं ज्या माणसाला सांभाळलं ते एका बाटलीच्या मागे निघालं, याचा तिला राग आला, आणि रागाच्या खाली भीती होती. आई गेली तर आपण कुणाच्या लेखी कोण, हे तिला कळेना.

आईने गुरुवारीच बॅग भरली. सगळ्यात वर बाटली, टॉवेलात गुंडाळून.

रविवारी धाकटी आली. नीटनेटके कपडे, अंगाला अत्तराचा वास, खांद्याला पर्स. खुर्चीच्या कडेवर बसली आणि लगेच म्हणाली, "आई, घराला रंग लागतोय गं. पुढच्या महिन्यात नेऊ का?"

"लागू दे. रंगाच्या वासाचं काय एवढं? वर तुझं लोशन लावीन."

"जिन्याचंही काम निघालंय."

"तुझ्याकडे लिफ्ट आहे ना? तूच म्हणाली होतीस."

"ती बंद असते मधूनमधून," धाकटी म्हणाली आणि पाणी प्यायली.

थोरली दारात उभी राहून ऐकत होती. तिला वाटलं, बघा नखरे! आईने हातापाया पडावं म्हणून चाललंय सगळं. आता मात्र सोक्षमोक्ष लावायचाच. ती न्हाणीघरात गेली, हिरव्या लेबलाची बाटली घेऊन आली आणि बॅगेपाशी बसली.

"आई, तुझी बाटली काढ. जायचं तर जा, पण डोळे उघडून जा. हातच्या कांकणाला आरसा कशाला? प्रत्येक बाटलीच्या बुडाला नंबर असतो. पहिले दोन आकडे टाकीचे. माझ्या बाटलीवर बघ, चौदा. आता तुझ्या बाटलीवरही चौदाच निघतात की नाही बघ."

"ताई, राहू दे ना," धाकटी चटकन म्हणाली.

"का? आता का राहू दे?"

आईने कुरकुरत टॉवेल सोडला. थोरलीने शपथ मोडली आणि काळ्या लेबलाची बाटली हातात घेऊन उलटी केली.

बुडाला नंबर होता. चौदाच होते. आणि नंबरावर फुली होती.

तिरकी फुली. एक पाय लांब, डावीकडे कललेला. थोरली डावखुरी होती. दुसऱ्या पाळीतल्या तपासणीवालीची फुली सरळ यायची. ही अशी फुली जगात एकीच्याच हातची होती. तिने बाटली सुलट केली. लेबल सुताएवढं वाकडं. आईला जन्मात दिसलं नसतं. हिला एका नजरेत दिसलं असतं, रागाने मान फिरवली नसती तर.

म्हणजे काच नव्हती, दुकानदार नव्हता, "ती द्या" नव्हतं. मागच्या गल्लीतली हातगाडी होती. बहीण जिथे दिवसभर दिव्याखाली बसते तिथून पन्नास पावलांवर धाकटी उभी राहून भाव करत होती आणि आत न येता निघून गेली होती. थोरलीने तिच्याकडे बघितलं. धाकटी बाटलीकडेच बघत होती. तिच्या पर्सचा पट्टा तुटलेला होता आणि भलत्याच रंगाच्या दोऱ्याने शिवलेला होता.

खोटं कशाला सांगा, थोरलीला आधी आनंदच झाला. मनात उकळ्या फुटल्या. अकरा वर्षांत असा घास तिच्या तोंडाशी आला नव्हता. एक वाक्य बोलायचं होतं, बस. तिने तोंड उघडलंसुद्धा.

"काय गं, काय निघालं?" आईने विचारलं आणि बाटली परत घ्यायला दोन्ही हात पुढे केले, तान्हं मूल घ्यायला करतात तसे.

थोरलीने बुडावर मूठ दाबून धरली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"वेगळी टाकी आहे," ती म्हणाली. "एक नंबरची. ही आमच्याकडे भरतच नाहीत. माझं चुकलं."

अकरा वर्षांत तिने एकही वाकडं लेबल पुढे जाऊ दिलं नव्हतं. हे पहिलं.

"मी काय सांगत होते?" आई म्हणाली. "वास कळतो गं मला. चल धाकटे, उचल बॅग."

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. ती उठली आणि नुसतीच उभी राहिली. तेव्हा थोरलीने बॅग ओढून स्वतःच्या मागे ठेवली.

"आई कुठेही जाणार नाही."

"का म्हणून?" आई म्हणाली.

"मी पाठवणार नाही म्हणून! हो, जळते मी. जळतेच! महागाच्या बाटल्याही हीच आणणार आणि आईही हीच नेणार? बाटल्या तिच्या, आई माझी. काय करायचं ते करा!"

यातलं किती नाटक आणि किती खरं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आवाज मात्र चांगलाच चढला होता. आई परत पलंगावर बसली. तिने धाकटीकडे बघितलं.

"ऐकलंस? आता तूच सांग, मी काय करू?"

"ताईपुढे माझं काय चालणार?" धाकटी म्हणाली आणि ओढणीने डोळे पुसले.

"जळकुकडी मेली!" आई म्हणाली. पण रागाने नव्हे. पायाने ढकलून तिने दार आणखी उघडलं, म्हणजे शेजारणीला नीट ऐकू जावं. "दोघी भांडताहेत हो माझ्यावरून! काय करावं माणसानं!"

जाताना जिन्यात धाकटी थांबली. "ताई, ती फुली..."

"पुढच्या खेपेला आत ये," थोरली म्हणाली. "दारावर माझं नाव सांग. साडेचारला चहा मिळतो."

ती वर आली तेव्हा शेजारीण पलंगावर बसलेली होती आणि आई सांगत होती, "एक नंबरची टाकी! थोरली स्वतः म्हणाली, आमच्याकडे भरतच नाहीत. शेवटी धाकटीची निवडच तशी." थोरलीच्या पोटात पुन्हा भडका उडाला, होता तसाच.

शेजारीण गेल्यावर ती आईच्या पायांशी बसली, नडग्यांवरून कपडा वर सरकवला आणि काळ्या लेबलाच्या बाटलीचं झाकण उघडायला लागली.

आईने तिचा हात धरला. "ती ठेव कपाटात. तिचं कशाला संपवतेस? तुझंच लाव."