विज्ञान मंडळाची किल्ली

विज्ञानाचा इतिहास सत्यासाठी सर्वस्व पणाला लावणाऱ्या माणसांनी घडवला आहे. भिवंडीतल्या एका कॉलेजापुरता तो एका स्टीलच्या कपाटाच्या किल्लीने घडवला. ही किल्ली विज्ञान मंडळाच्या अध्यक्षाकडे असते. कपाटातली उपकरणं वर्षातून एकदा, दसऱ्याला, झेंडू वाहण्यापुरती बाहेर येतात. एरवी बिघडू नयेत म्हणून कोणी वापरत नाही.

तिसऱ्या कप्प्यात आवाज मोजायचं यंत्र होतं, आणि मृणालीला ते एका संध्याकाळपुरतं घरी हवं होतं.

कामतघरला तिच्या वडिलांचे, मनोजशेठचे, आठ लूम, कापड विणणारे. तीस वर्षं त्या खटखटीत काढल्यावर त्यांना दाराची बेल ऐकू येईना. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणायचे, "माजा कान बरा हाय गो. लोकंच हल्ली हलू बोलतात. आन् आपल्या लूमला आवाज हायच कुठं?" शेठमाणूस आकड्याशिवाय कशालाच मान देत नाही. मृणालीला त्यांना आकडा दाखवायचा होता.

तिने मंडळ सांभाळणाऱ्या चिंतामणी सरांकडे यंत्र मागून पाहिलं.

"नियमाप्रमाणे फक्त अध्यक्षांना मिळतं," सर म्हणाले.

"मग अध्यक्ष नेतात का?"

"छे. त्यांना कशाला लागतंय?"

म्हणून ती निवडणुकीला उभी राहिली. समोर अनय. वकिलाचा मुलगा, घरात वक्तृत्वाच्या सात ढाली. हजेरीला नुसतं 'येस सर' म्हणाला तरी टाळी पडावी असा आवाज. मृणालीचा आवाज लूमशेजारी वाढलेला. तिने लायब्ररीत पुस्तक मागितलं की रिक्षास्टँडवर कळायचं.

"भाषणात ओरडू नकोस हां, प्लीज," मैत्रीण उन्नतीने बजावलं.

"मी कुठे ओरडते?"

शेजारच्या वर्गातून कोणीतरी म्हणालं, "हळू!"

भाषणांच्या दिवशी एकूण एक्केचाळीस मतदार हजर होते. अनय उठला, "मित्रहो" म्हणाला, आणि लाइट गेली. माइक मेला. खिडकीखाली जनरेटर धडधडू लागला. त्याच्यावर फक्त प्राचार्यांचा एसी चालतो. पुढची सात मिनिटं अनयने वैज्ञानिक दृष्टिकोनावर जे सांगितलं, ते त्याला स्वतःलाही ऐकू आलं नसावं.

मग मृणाली उभी राहिली. लूम चालू असताना कारखान्यात कोणी ओरडत बसत नाही. तिथे ओठ मोठे हलवतात आणि बाकीचं हातांवर सोपवतात. तिने तेच केलं. हवेत किल्ली फिरवली, कपाट उघडलं, आतली उपकरणं एकेक करून बाकांवर वाटून टाकली. कामतघर-निजामपुऱ्याची, लूमच्या वस्तीतली पोरं तिचे ओठ भराभर वाचत होती आणि लूम नसलेल्या पडघ्याच्या पोरांना समजावून सांगत होती, तेही ओठांनीच. मागच्या बाकावरून एकाने खुणेनेच विचारलं, घरी नेता येईल? तिने मान डोलावली.

सत्तावीस विरुद्ध चौदा. उन्नतीच्या सल्ल्याबाहेर ती जराही गेली नव्हती.

चिंतामणी सरांनी दोन्ही हातांनी किल्ली दिली, लोकशाही आणि विज्ञान यांवर चार शब्द बोलले, आणि संध्याकाळी यंत्र कामतघरला आलं. मृणालीने खोका उघडला. आत माहितीपत्रक होतं, तीन वर्षांपूर्वी संपलेली वॉरंटी होती, वाळलेला झेंडू होता. सेल नव्हते. तिने टीव्हीच्या रिमोटमधले काढून घातले आणि वडिलांना चालू लूमपाशी उभं केलं.

"अठ्ठ्याण्णव," ती ओठांनीच म्हणाली.

मनोजशेठनी वाकून आकडा पाहिला. छाती जराशी पुढे आली.

"बाजूच्या केसरीनाथच्या लूमचे किती?"

"पप्पा, ही बोर्डाची परीक्षा नाहीये! रोज आठ तास पंच्याऐंशी डेसिबलच्या वर राहिलं की कान जातो."

शेठनी मनातल्या मनात वजाबाकी केली. तीस वर्षांचं व्याज लावलं असावं, कारण हात आपोआप उजव्या कानाकडे गेला. लूमची पाळी संपून कारखाना थांबला, दोघं घरात येऊन बसली.

"उद्या चल माज्याबरोबर डॉक्टरकडं," शेवटी म्हणाले.

अध्यक्षबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पर आधी ते सेल परत लाव गो. बातम्या लागल्यात, आवाज वाढवायचाय."