बोट त्याचं, दुखणं तिचं

बाईचं पोट दुखलं की आपल्याकडे घरातलं प्रत्येक माणूस डॉक्टर होतं. जिचं दुखतं, तिला मात्र कोणी विचारत नाही. शेणवा गावातल्या निशिगंधाचं हेच चाललं होतं. आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, चिखलात वाकली की कंबरेतून अशी कळ निघायची की हातातली रोपं गळून पडायची. सोबतच्या बाया म्हणायच्या, हिचं बरं कामाच्याच दिवसांत दुखतं. सासू सकुबाई हे ऐकायची आणि सुनेला सोसायला सांगायची.

शेवटी शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी दुखण्याला नाव दिलं: एंडोमेट्रिओसिस. गर्भपिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढतं आणि बाईला पिळून काढतं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि मोबाइलवर एक ॲप घ्यायला सांगितलं. ते रोज संध्याकाळी विचारणार, आज किती दुखलं? गोळ्यांनी फरक पडला नाही, तर ठाण्याला पाठवून दुर्बिणीने पोट तपासायचं ठरलं. निशिगंधाचा फोन खाचरात पडून बाद झालेला, म्हणून ॲप नवऱ्याच्या फोनवर गेलं. ती रोज रात्री संदेशला आपलं दुखणं सांगायची आणि तो "टाकतो" म्हणायचा. तिने विश्वास ठेवला. नवऱ्यावर नाही तर कोणावर ठेवायचा?

पुढच्या खेपेला निशिगंधा, संदेश आणि सकुबाई तिघंही दवाखान्यात गेली. बाईंनी फोन पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. दुखणं शून्य, रोज शून्य! गोळ्या छान लागू पडल्या, म्हणाल्या, आता ठाण्याला जायची गरज नाही.

निशिगंधाला काही उमजेना. कालच तर ती चुलीपुढे गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिने संदेशकडे पाहिलं, तर तो छतावरचा पंखा बघत होता. खोदून विचारल्यावर सगळं बाहेर आलं. तो शहापूर ते शेणवा रिक्षा चालवतो. पहिल्याच संध्याकाळी स्टँडवर पोरांसमोर फोनच्या पडद्यावर प्रश्न आला, आज पोटात किती दुखलं? तो वाचून पोरं खो खो हसली. एकाने तर पाळी तुला आली काय रे, असंही विचारलं. तेव्हापासून प्रश्न उमटला रे उमटला की संदेश पहिलं बटण दाबून तो घालवायचा. पहिलं बटण होतं, 'दुखत नाही'. रात्री तो फक्त तोंडाने "टाकतो" म्हणायचा.

"निशा, घरी बोलू," तो पुटपुटला.

"नाय, हितंच बोलू," ती म्हणाली. "लाज तुमाला वाटली आनि दुखनं माझं पुसलंत. बोट तुमचं, पोट माझं. मॅडम, ह्यातलं एक पन खरं नाय. आता मला इचारा. मी सांगल्याशिवाय उठायची नाय."

बाई गोंधळल्या. नोंदच खोटी, मग कशाच्या आधारावर ठरवायचं? तेव्हा कोपऱ्यातून सकुबाई बोलली.

"मी सांगते. माझ्यासमोर ही बांधाला धरून बसायची. मीच म्हनलं, सोस गो, आमी पन सोसलं. पन आमी सोसलं ते काय चांगलं केलं? आमाला कोनी इचारलंच नाय."

सुनेच्या दुखण्याबरोबर तिचं स्वतःचं जुनं दुखणंही पहिल्यांदा दवाखान्याच्या दारात आलं होतं. संदेशची मान खाली गेली. तो म्हणाला, चुकलं माझं, ठाण्याला मीच घेऊन जातो. मग निशिगंधा कधी, कुठे, किती दुखतं ते सांगू लागली आणि बाई मध्ये न बोलता ऐकत राहिल्या. ठाण्याची चिठ्ठी लिहूनच त्यांनी पेन खाली ठेवलं.

वाचकहो, ॲप कितीही हुशार असो, बोट जे दाबेल तेच त्याला कळतं. म्हणून बाईच्या दुखण्याचं उत्तर तिच्याच तोंडून घ्या. ते चारचौघांत ऐकायला लाज वाटत असेल, तर ती लाज आपली आहे, तिची नव्हे. आणि बायांनो, तुमच्या वतीने कोणी 'दुखत नाही' म्हणत असेल, तर त्याला तिथल्या तिथे खोटं पाडा.