म्बाह सापार्नीचे पाच तारे

सुनावणीचा दिवस उजाडला. रमजानला नऊ दिवस उरले होते आणि जावा बेटावरच्या क्लातेनजवळ आमच्या गावात चाळीस पेशंट फोनमधल्या एकाच ॲपला विचारून इन्सुलिन टोचून घेत होते. त्या ॲपला मान्यता द्यायची की नाही, हे आज योग्यकर्ता शहरात सरकारी आरोग्य समिती ठरवणार होती. मी त्या गावची नर्स, विनार्सिह. पुरावा म्हणून मी म्बाह सापार्नीला घेऊन आले होते. वय एकाहत्तर, धंदा टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या विकण्याचा, आणि नात्यानं अख्ख्या गावाची म्बाह, म्हणजे आजी.

गेल्या रमजानात म्बाहनं पहाटे साडेतीनला खाऊन रोजा धरला. दुपारी बाराला ॲप म्हणालं, जेवणाआधीचं इंजेक्शन घ्या. तिनं मुकाट्यानं घेतलं. जेवण होतं सूर्यास्तानंतर. तासाभरात ती भर बाजारात टोपलीवर आडवी झाली. मी धावत जाऊन ग्लुकोजचं सलाईन लावलं नसतं तर आज पुरावाच उरला नसता.

ॲप बनवणाऱ्या कंपनीचा तरुण मात्र भारी गोड. त्यानं म्बाहला स्वतः खुर्ची दिली, चहा आणून दिला, तोही बिनसाखरेचा. मग पडद्यावर आकडे दाखवले. "अकरा हजार लोक वापरतात. सरासरी पाच तारे. तक्रारी शून्य."

"एकही तक्रार नाही, मग अडवायचं कशासाठी?" अध्यक्षांनी विचारलं.

"ही बसलीय ना तक्रार," मी म्हणाले.

अध्यक्ष म्बाहकडे वळले. "ॲपचा काही त्रास झाला का हो, म्बाह?"

म्बाहनं चहाच्या कपाकडे पाहिलं, त्या पोराकडे पाहिलं आणि हसून म्हणाली, "छे हो, साहेब. फार चांगलं आहे. रोज माझी विचारपूस करतं. घरचे तेवढी करत नाहीत."

सगळे हसले. मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"विनार्सिहबाई," तो पोरगा अगदी नम्रपणे म्हणाला, "तुम्हीही पाच तारे दिलेत."

दिले होते. तो गावात आला होता, वाकून बोलला होता, मग कमी कसे देणार? आम्ही जावाची माणसं. समोरच्याला ओशाळं करण्यापेक्षा आम्ही चक्कर येऊन पडू. अकरा हजार जणांनी हेच केलं असणार. हे लक्षात आलं तशी मी ताडकन उभी राहिले.

"म्बाह, तुमची धाकटी बहीण तुकिनाह. तिलाही आता इन्सुलिन लागलंय. या रोज्यात हेच ॲप वापरू म्हणतेय. सांगू तिला, वापर म्हणून?"

म्बाहच्या हातातला कप खाली आला.

"खबरदार सांगशील तर. मरेल ना ती! माझं ठीक आहे, मी बाजारात पडले, लोकांनी पाहिलं. ती एकटी राहते. घरात पडली तर कोण बघणार? त्या फोनला कळत नाही माणूस उपाशी आहे ते. भरल्या पोटाचं औषध रिकाम्या पोटाला देतो मेला."

आणि मग तिनं सगळं सांगितलं. टोपली, डोळ्यांपुढची अंधारी, सलाईन. पोराच्या तोंडचं पाणी पळालं. "आम्ही रोजा आहे का, हे विचारतच नाही," तो हळूच म्हणाला.

पाऊण तासात निकाल लागला. ॲप आधी रोज्याचं विचारणार, उपास करणाऱ्यांवर तपासलं जाणार, आणि तोवर डोस सांगणं बंद. शिवाय अध्यक्षांनी अभिप्रायाच्या छापील कागदावर सगळ्यात खाली हातानं एक प्रश्न वाढवला: हे तुम्ही आपल्या बहिणीला वापरू द्याल का?

पहिला कागद म्बाहला मिळाला. तिनं वरचे पाचही तारे नीट रंगवले.

"अहो म्बाह, अजून पाच?" मी विचारलं.

"पोरानं चहा दिला ना गं," ती म्हणाली, आणि खालच्या प्रश्नापुढं तिनं 'नाही' असं इतक्या जोरात लिहिलं की कागद फाटला.