पुढची जागा

मिस्त्रींनी आधी पहार आत सरकवली, मग दोन्ही हात, मग डोके, आणि खांदे तिरके करून बाकीचे अंग हळूहळू भोकातून आत ओढले. मागून सिस्टरने त्यांच्या घोट्याला हात लावला.

"दम लागलाय?"

"नाही."

"खरं सांगा."

"सिस्टर, आत्ता कुठं उंबरा ओलांडला. दम लागायला अजून पुष्कळ वाट आहे."

तिने स्वतः बांधलेला मास्क मिस्त्रींच्या नाकातोंडावर होता, त्यामुळे त्यांचा आवाज घागरीतून आल्यासारखा येत होता. तिच्या मागे पोस्टमन होता आणि सगळ्यांत मागे मास्तर. चौघांच्या कपाळावर दिवे होते. बाकीची मंडळी बाहेर, घमेली रिकामी करायला.

अरुंद भोक संपले की वाट गुडघ्यांवर चालण्याइतकी उंच होत असे. मिस्त्री गुडघ्यांवर आले आणि थांबले. दोन्ही बाजूंना त्यांनी रचलेल्या भिंती होत्या. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड. त्यांनी डावीकडच्या भिंतीवर तळहात ठेवला. सहा रविवार ते आले नव्हते, तरी एक दगड हलला नव्हता.

नऊ वर्षांपूर्वी इथे वाट नव्हतीच. गावामागच्या डोंगरात एक उथळ गुहा होती, तिच्या मागच्या बाजूला दगडमातीचा ढीग होता, आणि उन्हाच्या वेळी शेळ्यामेंढ्या तिथे येऊन बसत. भूगोल शिकवणारे मास्तर एकदा त्या ढिगाला टेकून बसले आणि त्यांच्या मानेला गार वारा लागला. भर उन्हाळ्यात, दगडांच्या फटीतून. वारा येतोय म्हणजे पलीकडे जागा आहे, असे त्यांनी ठरवले. माणसे जमवली. वरचा दगड अंगावर येणार नाही ना, एवढेच बघायला म्हणून एका रविवारी मिस्त्रींना बोलावले. मिस्त्री एका रविवारसाठी आले ते नऊ वर्षे येत राहिले.

काढलेला प्रत्येक दगड बाहेर ओढून न्यायचा तर जन्म पुरला नसता. म्हणून मिस्त्रींनी दगड दोन्ही कडांना रचायला लावले. त्यातून वाटेला आधारही मिळाला. त्यांनी सगळ्यांना रचायला शिकवले. खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरच्या दगडाचे पोट आले पाहिजे, सांध्यावर सांधा आला की भिंत तिथेच उभी चिरते. मास्तरांना हे तोंडपाठ झाले, हाताला कधीच जमले नाही. पोस्टमन बोलण्याच्या नादात हटकून सांध्यावर सांधा आणायचा. सिस्टर मात्र शिकली. फक्त तिला फटी बघवत नसत. जिथे एक कपची पुरे, तिथे ती तीन ठोकायची.

"भिंत आहे ती, सिस्टर," मिस्त्री म्हणायचे. "पट्टी काय बांधताय?"

"सुटली तर परत तुम्हीच ओरडाल," ती म्हणायची, आणि चौथी कपची शोधायची.

या मंडळींचा एक नियम होता. पहिल्याच वर्षी मोठे भांडण होऊन तो ठरला होता. खणायच्या टोकाला एकाच माणसापुरती जागा होती, तिला सगळे पुढची जागा म्हणत. तिथे पाळीपाळीने बसायचे, अर्धा तास एकाने. आणि वाट उघडेल तेव्हा पुढच्या जागेवर जो असेल, त्याचे पाऊल आत पहिले. किती वर्षे खणले, किती दगड उचलले, वय काय, काही बघायचे नाही. हा नियम मोडायची कुणाची छाती नव्हती.

मग मिस्त्रींची छातीच बसली. चाळीस वर्षे दगड घडवले, त्याची धूळ आत साठली होती. पंधरा दिवस ते सिस्टरच्याच वॉर्डात होते. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितले, आता धूळ नाही, चढ नाही, डोंगराचे तर नावच काढायचे नाही. मिस्त्री मान हलवत राहिले आणि घरी आल्यावर खिडकीशी खुर्ची ओढून बसले. खिडकीतून डोंगर दिसत असे. बायकोने महिनाभर ते पाहिले. ते जेवायला वेळेवर उठत, गोळ्या वेळेवर घेत, कशालाच नाही म्हणत नसत. तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

"एकदा जाऊन या," शेवटी तीच म्हणाली. "एक रविवार. सिस्टरला विचारलंय मी, ती बरोबर असणार आहे. डोळे भरून बघा आणि मग त्या भोकाचं नाव या घरात नको."

म्हणजे एकच रविवार उरला होता. मिस्त्रींनी मनाशी हिशेब मांडून पाहिला होता. आजारी पडायच्या आदल्या रविवारी त्यांनी टोकाला पहारीने ठोकून आवाज ऐकला होता. पोकळ येत होता, पण लांबून. अजून चार-सहा हात तरी असावे. एका दिवसात चार हात कुठले उघडायला. आपल्याला वारा तेवढा मिळाला, पलीकडची जागा मिळायची नाही, हे त्यांनी खिडकीशी बसून कबूल करून टाकले होते. कबूल केले तरी रात्री ते पोकळ ठोक्याचा आवाज कानात घेऊनच झोपत.

दर सोमवारी टपाल वाटताना पोस्टमन डोकावायचा आणि बातमी द्यायचा. या बाबाला मुंगी दिसली तर तो हत्तीएवढी करून सांगणार. पण गेले तीन सोमवार त्याची बातमी एका ओळीत संपली होती. "चिखल हो मिस्त्री, नुसता चिखल. काही विशेष नाही." आणि चहालाही न थांबता सायकलवर टांग मारून तो जात होता.

"पुढची जागा आज तुमची," आता मागून मास्तर म्हणाले.

"पाळी कुणाची आहे?"

"तुमचीच. सहा पाळ्या साठल्यात तुमच्या."

"अशा साठत नाहीत पाळ्या. तुम्हीच केलाय नियम."

"मास्तर आहेत ते," पोस्टमन म्हणाला. "हजेरी त्यांच्या हातात. चला पुढं, माझे गुडघे सोलले."

मिस्त्री पुढे सरकले. टोक आले. समोर दगडांचा बंद ढीग, फटींत ओला चिखल. त्यांनी पहारीचे टोक एका फटीत घातले आणि अंगाचा भार द्यायच्या आधी सवयीने दिव्याचा उजेड सगळ्या ढिगावरून फिरवला. कुठला दगड कुणावर झोपलाय हे बघितल्याशिवाय त्यांनी आयुष्यात दगड हलवला नव्हता.

उजेड खाली आला, पुन्हा वर गेला. मग एका जागी थांबला.

डोंगरातून घसरत आलेला दगड कसाही पडतो. कुणी उभा, कुणी तोंडावर, कुणी दुसऱ्याच्या पाठीवर. इथे प्रत्येक दगड आपल्या रुंद अंगावर बसला होता. खालच्या दोघांच्या सांध्यावर वरच्याचे पोट. एक सांधा उभा धावत नव्हता. आणि डाव्या कोपऱ्यात, दोन दगडांमधल्या बोटभर फटीत, चार कपच्या ठोकलेल्या होत्या. वरून चिखल लिंपला होता, त्यात तळहाताच्या रेघा होत्या.

मिस्त्रींच्या हातात पहार तशीच राहिली.

वाट उघडली होती. केव्हाच उघडली होती. यांनी ती उघडली, आणि म्हाताऱ्यासाठी परत बुजवली. भिंत रचताना त्यांची चूक झाली ती एवढीच, की भिंत फार चांगली रचली.

मागे सगळे गप्प होते. पोस्टमनसुद्धा. नऊ वर्षांत हा माणूस या वाटेत इतका वेळ गप्प बसल्याचे मिस्त्रींना आठवत नव्हते.

मास्कच्या आत त्यांचे तोंड गरम झाले. लहान पोराला दोन घास भरवून 'आपल्या हातानं जेवलं हं बाळ' म्हणतात, तसे झाले हे. आत जाऊन सगळे फिरून आले असतील. मास्तरांनी नकाशा काढला असेल, पोस्टमनने आरोळी देऊन पाहिली असेल, आणि मग सगळ्यांनी ठरवले असेल, बिचाऱ्याचा एकच रविवार आहे, त्याच्यापुढे नाटक करू. पहार टाकून मागे फिरावे असे त्यांना वाटले. पण वाट एवढी अरुंद, की मागे फिरायचे तर आधी तिघांना मागे जायला सांगावे लागले असते, आणि का ते सांगावे लागले असते.

"मिस्त्री?" सिस्टरचा आवाज बारीक आला. "त्रास होतोय का?"

"नाही."

"थांबायचं का?"

"दगड बघतोय," मिस्त्री म्हणाले. "बघू द्याल की नाही?"

त्यांनी पहार बाजूला ठेवली. या भिंतीला पहार लागणार नव्हती. त्यांनी वरचा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि मागे दिला. तो सिस्टरने घेतला, पोस्टमनने घेतला, मास्तरांनी घेतला. दुसरा दिला. चार कपच्या एकेक करून उपटल्या आणि त्या फेकल्या नाहीत, कडेला ओळीने ठेवल्या. सातव्या दगडाबरोबर वारा आला. फटीतून येई तो नव्हे, पूर्ण अंगभर. तो मास्कच्या कडेने आत शिरला, गार, धुतलेला, धुळीचा कणही नसलेला. मिस्त्रींनी आणखी तीन दगड काढले आणि दिव्यासकट डोके पलीकडे घातले.

उजेड लांब गेला आणि कुठेच अडला नाही. मग त्यांनी मान हलवली तसा तो एका भिंतीला लागला, छताला लागला, छतावरून खाली आलेल्या पांढऱ्या दगडी झालरींना लागला. पाच खोल्या मावतील एवढी जागा. दूर कुठेतरी पाणी पडत होते. पण मिस्त्रींनी हे सगळे ओझरते पाहिले. त्यांची नजर जमिनीवर गेली होती.

भोकाच्या आतल्या अंगाला एक माणूस बसेल एवढा दगडी कट्टा होता. त्याच्या पुढे सगळी जमीन पिवळसर चिखलाची, ओली, सपाट. घोटून घोटून तकाकी आणलेल्या कोब्यासारखी. मिस्त्रींनी आयुष्यात शेकडो खोल्यांचा कोबा घातला होता, आणि सुकायच्या आत त्यावर पाय देणाऱ्या मालकांना शिव्या घातल्या होत्या. पाऊल कुठे उमटलेय ते त्यांना अंधारातही कळले असते. ते डावीकडून उजवीकडे शोधत गेले. मग उजवीकडून डावीकडे.

एकही पाऊल नव्हते. बोटाची खूण नव्हती, फेकलेल्या खड्याचा डागसुद्धा नव्हता.

भोकाच्या काठावर, त्यांच्या छातीखाली, चिखलात दोन कोपरांचे खळगे होते. बारीक हाताची कोपरे. तिथपर्यंत कुणीतरी येऊन टेकले होते, आत बघितले होते, आणि मागे झाले होते. नऊ वर्षे खणून, नियमाने पहिले पाऊल आपले असताना, सिस्टरने मागे होऊन दगड मागितले होते. आणि बाकीच्यांनी ते हातोहात पुढे दिले होते. मग पुढचे रविवार ही सगळी मंडळी एवढ्याशा भिंतीच्या अलीकडे बसून राहिली होती, आणि सोमवारी चिखलाची बातमी देत होती.

मिस्त्रींनी मास्क खाली ओढला. सिस्टर ओरडली नाही. त्यांनी दोनदा, तीनदा छाती भरून श्वास घेतला. खूप दिवसांनी तो मध्ये कुठे अडला नाही.

मग ते सरपटत आत गेले, उतरले ते कट्ट्यावर, आणि तिथेच पाय पोटाशी घेऊन कडेला सरकून बसले.

"या सिस्टर."

सिस्टरचा दिवा भोकात आला. "अहो, बसलात काय? जा ना पुढं."

"दम लागलाय."

"काय होतंय? छातीत दुखतंय?"

"दुखत नाही. दम संपला. तुम्ही व्हा पुढं, बघून या."

"ते काही नाही. पुढच्या जागेवर तुम्ही आहात. पहिलं पाऊल तुमचं. नियम आहे."

"नियम मला ठाऊक आहे," मिस्त्री म्हणाले.

 ती अर्धी आत आली, हातमोजा दातांनी काढला आणि तिने त्यांचे मनगट धरले. वॉर्डात रोज धरायची तसे, तीन बोटांनी. मिस्त्रींनी हात सैल सोडला. ठोके कसे पडताहेत ते त्यांचे त्यांना कळत होते. संथ, एकसारखे, ओळंब्यात. सिस्टरने ते मोजले. मोजून झाल्यावरही तिने मनगट सोडले नाही. तिच्या दिव्याचा उजेड कडेला ओळीने ठेवलेल्या चार कपच्यांवर गेला, तिथे थोडा वेळ राहिला, आणि मग मिस्त्रींच्या तोंडावर आला. ते चिखलाकडे बघत होते.

"बराच लागलाय दम," ती म्हणाली.  "बसून राहा. उठायचं नाही."

"नाही उठत."

तिने कट्ट्यावर बसून बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले, आणि पाय खाली सोडला. चिखल टाचेपाशी आधी दबला, मग बोटांशी.

"ए, काय चाललंय?" मागून पोस्टमनचा आवाज आला. "झालं का? मिस्त्री, सांगा की, आत काय आहे?"

"थांब जरा," मिस्त्री म्हणाले. "सिस्टर बघतायत."