सगळ्या लिफ्ट सोमवारच्या

“ज्या लिफ्टकडे सगळ्यात जास्त दिवस कुणी फिरकलं नाही, ती यादीत वर. आधी तिकडे जायचं. ओरडणाऱ्याकडे नाही.”

थोरले मिस्त्री निवृत्त झाले, तरी लिफ्ट-दुरुस्तीच्या त्या कचेरीत त्यांचं हे सांगणं कामं वाटून देणाऱ्या ताईंच्या कानात रोज वाजायचं. प्रत्येक लिफ्टची एक फाइल. तपासणी झाली की तिच्यात चार ओळी भरायच्या. ‘विकी कंपायलर’ नावाचा कॉम्प्युटर प्रोग्राम त्या फायलींची वाचायची पानं करायचा आणि फाइल शेवटची कधी बदलली ते बघून यादी लावायचा. यादी ताईंकडे.

सोमवारी नवा कॉम्प्युटर आला. व्हर्जन कंट्रोलमध्ये, म्हणजे प्रत्येक बदल तारखेसकट नोंदवणाऱ्या व्यवस्थेत, फायलींचा सगळा इतिहास जपलेला होता, तिथून फायली नव्यावर उतरवल्या. मंगळवारी सकाळी बघतात तर तीनशे बारा लिफ्टसमोर एकच तारीख. सोमवार.

“एका दिवसात तीनशे बारा!” फिटर म्हणाला. “तरीच माझे पाय दुखतायत.”

ताई हसल्या नाहीत. त्यांना सहाव्या मजल्यावरचे आजोबा आठवले. महिन्यापूर्वी त्यांचा हळू आवाजात फोन आला होता. लिफ्टचं दार धाडकन मिटतं, म्हणून आजी घाबरून खाली उतरतच नाहीत. “घाई नाही हो, बाई. आम्ही कुठे पळून जातोय?” ताईंनी शब्द दिला होता, नंबर आला की मी स्वतः फिटरला घेऊन येते.

आता नंबरच गायब.

कंपायलर बघत होता ती तारीख फाइल या मशीनवर उतरल्याची. खरी तारीख इतिहासात होती. ताईंनी ती तिथून काढणारा छोटा प्रोग्राम लिहिला, चालवला. पुन्हा सोमवार! ताईंचं डोकं फिरलं.

“सोमवारी सगळ्या फायलींना कुणी हात लावला?”

कोपऱ्यातला सहकारी चाचरला. त्याला सगळे टापटीप म्हणायचे, ते उगाच नाही. “नव्या घरात जायचं, म्हणून मी ओळींमधल्या फालतू मोकळ्या जागा तेवढ्या काढल्या, ताई.”

“घर आवरलंस आणि दारावरची पाटीच पुसलीस, बाबा!”

तो बदल वगळला. यादी लागली, पण आजोबांची लिफ्ट पार तळाशी. ताईंनी कपाळ धरलं. मग उमगलं. गेल्या आठवड्यात त्या इमारतीचं नाव बदललं, तसं फाइलचंही. इतिहासाला वाटलं, तपासणीच झाली.

जेवणाचा डबा तसाच राहिला. नुसतं नाव बदललं असेल तर तो बदल मोजायचा नाही, जुन्या नावाखाली इतिहासात मागे जायचं, एवढं लिहायला दुपार गेली. तीनदा चुकलं. चौथ्यांदा यादी आली. सगळ्यात वर आजोबांची लिफ्ट, तपासणीला दोनशे चौदा दिवस झालेले.

तेवढ्यात फोन खणखणला.

“सकाळपासून फोनवर ओरडतंय ते गिऱ्हाईकच असणार,” फिटर म्हणाला. “जाऊ का?”

“त्याची लिफ्ट यादीत तळाला आहे. टापटीप, त्याला नीट समजावून सांग,” ताई म्हणाल्या. खुर्चीवरची ओढणी घेतली, हत्यारांची पिशवी फिटरच्या हातात दिली आणि आवाज न करता दार लोटून जिना उतरू लागल्या.