शोकेसमधला एकुलता कप

माझे वडील दोन वर्षं माझ्याशी आईमार्फत बोलले. एकाच घरात, समोरासमोर जेवायला बसून. "त्याले सांग, भाजी संपली." मग आई माझ्याकडे वळून सांगायची, भाजी संपली रे, आणि मी तिला सांगायचो, ऐकलं. आमची आई, कौशल्याबाई, म्हणजे घरातलं टपालखातं झाली होती, तेही बिनपगारी.

कारण एवढंच की मी पत्ते खेळतो. पुण्यातली नोकरी सोडून मी केळझरला परत आलो आणि वरच्या खोलीत लॅपटॉपवर पोकर खेळायला लागलो. अ‍ॅपवर पैशांचे खेळ अजून चालू होते तेव्हाची ही गोष्ट. वडिलांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं चौथीला शिकवलं. सेलू तालुक्यात निम्म्या लोकांना पाढे येतात ते प्रभाकरराव गुरुजींच्या धाकाने. मी करतो त्याला त्यांच्याकडे जुगार हा एकच शब्द होता. तो एकदा उच्चारून त्यांनी बोलणं बंद केलं.

थोडं खेळाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पोकर दोन तऱ्हांनी खेळतात. एक कॅश. आपले पैसे घेऊन टेबलावर बसायचं आणि वाटेल तेव्हा उठायचं. दहा डाव सोडून द्यायचे, एक खेळायचा. भर दुपारी पुण्या-मुंबईची मंडळी ऑफिसातून चोरून खेळतात, घाईघाईत चुका करतात. आपण चुका न करता बसून राहिलो तर महिनाअखेर चार पैसे उरतात. दुसरी तऱ्हा टूर्नामेंट. सगळ्यांनी सारखी फी भरायची, सगळ्यांना सारख्या चकत्या, म्हणजे चिप्स. मधेच उठायची सोय नाही, चकत्या संपल्या की बाहेर. शेवटी एक जण उरतो, त्याला कप आणि मोठी रक्कम. चारशेतले साडेतीनशे हात हलवत घरी जातात.

मी कॅशवाला. वरच्या खोलीचा स्लॅब, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, खालचा फ्रीज, सगळं त्या दुपारच्या पत्त्यांतून आलं. हे घरात कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. विचारायला आधी बोलायला हवं ना.

मग एकदा एका मित्राने ओढून नेलं म्हणून गोव्याला गेलो, एक टूर्नामेंट खेळलो आणि पहिला आलो. खोटं कशाला बोलू, शेवटच्या डावात मी चांगलाच मागे होतो. शेवटचा पत्ता उघडला तो नेमका मला हवा होता. बस्स, एवढंच माझं कर्तृत्व. हातभर उंच कप मिळाला, फोटो निघाला, आणि मी घरी पोचायच्या आत तो फोटो सगळ्या केळझरभर फिरला.

आमच्या आळीत भैयाजी म्हणून आहेत, हार्डवेअरचं दुकान आणि मंडळाचं अध्यक्षपद दोन्ही सांभाळतात. सत्कार करायचा म्हटलं की ते जेवण विसरतात. त्यांनी स्टँडवर फ्लेक्स लावला. त्यावर पत्ते कसं लिहायचं हा पेच होता, म्हणून लिहिलं, 'राष्ट्रीय बुद्धिकौशल्य स्पर्धेत प्रथम क्रमांक'. शाल, श्रीफळ, हार. बाबा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून स्टेजवर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. माईक हातात आला तसे ते अकरा मिनिटं बोलले. चिकाटी, एकाग्रता, केळझरचं नाव. मी मान खाली घालून बसलो होतो, लोकांना वाटलं विनय आहे.

त्या संध्याकाळी कप शोकेसमध्ये ठेवून झाल्यावर ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "रुपेश, चहा घेतला काय?"

दोन वर्षांनी. थेट मला. मी चहा घेतला होता, तरी नाही म्हणालो. आईने स्वयंपाकघरातून दोन कप आणले, आमच्या मधे ठेवले आणि परत आत गेली. मी तीस वर्षांचा घोडा, पण तो दुसरा चहा मी बशीत ओतून पुरवून पुरवून प्यायलो.

तेव्हापासून मी कॅश सोडली.

कोणी सांगितलं नव्हतं. पण बाबा रोज सकाळी विचारायला लागले, "आता कवा हाय स्पर्धा?" आणि स्पर्धा आहे म्हटलं की त्यांचा चेहरा असा खुलायचा की मला दुसरं काही सांगवेना. ऑनलाइन टूर्नामेंट रोज असतात. फी भरायची, तीन तास, चार तास बसायचं, आणि बाहेर पडायचं. बाबांना मी निकाल सांगायचो.

"अठ्ठाविसावा आलो."

"कितीत?"

"साडेतीनशेत."

"वा! म्हंजे गुणवत्ता यादीतच हाय नं तू." ते आईला हाक मारायचे. "ऐकलं काय वं? अठ्ठाविसावा!"

अठ्ठाविसाव्याला जेमतेम फी सुटते हे त्यांना कोण सांगणार? मी नाही.

सात महिन्यांत एकेचाळीस टूर्नामेंट खेळलो. सहा वेळा फी सुटली, पस्तीस वेळा तीही बुडाली. मुळात मला एका जागी चैन पडत नाही. जेवताना उठतो, सिनेमा अर्धा सोडतो. त्यात हे. डाव संपला की स्लॅबवर येरझाऱ्या, मग खाली, मग स्टँडपर्यंत, पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घ्यायचा आणि तो तोंडात न टाकताच परत. गाडीवर बसून उगाच सेलूपर्यंत जायचो आणि तिथे काही काम नाही म्हणून वळायचो. आई म्हणायची, तुझ्या पायाला भिंगरी लागली काय? लागली होती. शिल्लक आटत चालली होती आणि मी दर आठवड्याला नवी फी भरत होतो. कशासाठी, तर सकाळच्या त्या एका प्रश्नासाठी. कॅशकडे परत गेलो तर बाबा पुन्हा आईकडे तोंड करून बोलतील, ही भीती होती. खड्ड्यात गेला तो कप, असं मी रोज म्हणायचो आणि पुन्हा फी भरायचो.

मग भैयाजींनी कळस केला. एका सकाळी अंगणात येऊन बाबांना म्हणाले, "गुरुजी, पुढच्या महिन्यात गोव्याले मोठी स्पर्धा हाय म्हन्ते. रुपेशले धाडा. यंदा मिरवणूकच काढू."

दुसऱ्या दिवशी बाबा सकाळच्या एसटीने सेलूला गेले आणि दुपारी परत आले. थेट वर आले. खोलीत पाऊल ठेवण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. खिशातून पाकीट काढून त्यांनी माझ्या की-बोर्डवर ठेवलं.

"गोव्याची फी," ते म्हणाले. "पेन्शनीतून काढली."

"बाबा, हे काय करून राह्यले तुमी?"

"ठेव. आदर्श शिक्षकाचा प्रस्ताव मी तीनदा पाठवला होता. एवढी जाड फाईल, फोटोसहित. तीनदा. एक कागद भेटला नाई मले. घरात एक तरी कप याले पाहिजे होता, तो तू आनला. आता दुसरा आन."

मी पाकिटाकडे पाहत राहिलो. मला दया यायला हवी होती, पण आला राग. स्वतःचा, त्यांचा, भैयाजींचा, सगळ्यांचा. सात महिने गिळलेलं एकदम बाहेर आलं.

"तो कप नशिबानं भेटला, बाबा. एक पत्ता दुसरा पडला असता तर मी रिकाम्या हातानं आलो असतो. एकेचाळीस खेळलो त्याच्यानंतर. काही नाई भेटलं. हा स्लॅब, आईचा डोळा, तो फ्रीज, हे सारं त्या रोजच्या पत्त्यांतून आलं, ज्याले तुमी जुगार म्हनता. आन् खरा जुगार कोनता हाय सांगू? हा. हा पाकिटातला."

बाबांनी हात पुढे केला. पाकीट उचललं, खिशात घातलं, जिना उतरले. उतरताना त्यांनी कठडा धरला होता, हे मी पाहिलं.

रात्री ताटावर ऐकू आलं, "त्याले सांग, ताक हाय."

चार दिवस तसेच गेले. मी टूर्नामेंट खेळलो नाही, कॅशही खेळलो नाही. नुसता फिरत होतो. केळझरच्या टेकडीवर गणपतीच्या देवळापर्यंत दोनदा जाऊन आलो. मागायला काही सुचलं नाही म्हणून हात जोडून परत आलो. खरं बोललो ही चूक झाली की सात महिने बोललो नाही ही चूक झाली, एवढंच डोक्यात फिरत होतं.

पाचव्या दिवशी दुपारी एकला जिन्यावर पावलं वाजली. बाबा अंगणातली प्लास्टिकची खुर्ची घेऊन वर येत होते. धापा टाकत त्यांनी ती माझ्या खुर्चीच्या मागे ठेवली, बसले आणि चष्मा पुसला.

"दाखव," ते म्हणाले.

"काय दाखवू?"

"ते रोजचं."

मी कॅशच्या टेबलावर बसलो. सात महिन्यांनी. हातात दोन पत्ते येतात, ते पाहायचे, खेळायचं की टाकायचं ठरवायचं. पहिले टाकले. दुसरे टाकले. तिसरे टाकले.

"काऊन टाकले? राजा होता नं."

"राजा होता, पन सोबत तिर्री होती."

"मंग?"

"मंग नाई परवडत."

चौथे टाकले. सातवे टाकले. बाबांची खुर्ची करकरायला लागली.

"अरे, पन तू खेळत काऊन नाई?"

"हेच खेळनं हाय, बाबा."

अर्धा तास झाला, तास झाला. मी मध्येच एखादा डाव घेत होतो, थोडं मिळत होतं, थोडं जात होतं. आई चहा ठेवून गेली. मग दोन एक्के आले. याहून चांगले पत्ते नसतात. समोरच्याकडे दोन नव्वे होते, त्याने सगळं लावलं, मीही लावलं. सगळ्यांसाठी टेबलावर उघडतात त्यातल्या शेवटच्या पानाला तिसरा नव्वा पडला, दोन एक्क्यांवर तीन नव्वे भारी ठरले, आणि दिवसभरात नव्हे, आठवडाभरात मिळालं असतं तेवढं एका झटक्यात गेलं.

मागून श्वास ओढल्याचा आवाज आला.

"चुकला काय तू?"

"नाई. बरोबर खेळलो."

"मंग हरला कसा?"

"असं होते. महिन्यात एक-दोन वेळा होते."

पुढचे पत्ते आले. मी पाहिले आणि टाकले. त्यापुढचेही टाकले. बाबा आता प्रश्न विचारत नव्हते. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर आलं. पाच वाजता मी नेहमीसारखा उठलो. त्या दिवशी मी तोट्यात होतो, आणि तसंच त्यांना सांगितलं.

बाबा खुर्चीतच बसून होते.

"चार तास," ते म्हणाले. "चौथीत माह्याच वर्गात होता तू. दहा मिनिटं एका जागी बसत नव्हता. उठबशा काढाले लावल्या, छडीनं मारलं, पालथा हात पुढं करायले लावलं. आज चार तास हलला नाई. हरल्यावर बी नाई." ते थोडं थांबले. "मी बी तेच केलं म्हना. चौतीस वर्षं. तेच पाढे, तीच बाराखडी. दोन पोरं पुढं जायची, चाळीस तिथंच. कोनी पाहाले येत नव्हतं."

मी लॅपटॉप मिटला. त्यांनी खुर्ची उचलली आणि खाली गेले. ताटावर त्या रात्री ते माझ्याशी बोलले नाहीत, पण आईलाही काही सांगायला लावलं नाही. याचा अर्थ काय लावायचा, या विचारात मला झोप लागली नाही.

दोन दिवसांनी दुपारी मी टेबलावर होतो. पत्ते वाईट येत होते, पाय टेबलाखाली हलत होते. खाली अंगणात बाबा पेपर वाचत बसलेले. मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला आणि मागोमाग भैयाजींचा.

"गुरुजी, रुपेशले खाली बोलवा नं. गोव्याचं पक्कं कराचं हाय, मंडळाची माणसं थांबली हायेत."

"गोव्याले नाई जाऊन राह्यला तो."

"काऊन? सोडला काय खेळ?"

"नाई सोडला."

"मंग वर काय करून राह्यला भरदुपारी?"

माझा हात माऊसवरच थांबला. आळीत त्या वेळी बायका ओट्यावर बसलेल्या असतात, समोरच्या दुकानात चार माणसं असतात, आणि आमच्या आळीत हळू बोललेलंही ऐकू जातं. बाबा काहीही सांगू शकले असते. झोपला आहे, बाहेर गेला आहे, तब्येत बरी नाही. मी मनातल्या मनात त्यांना तेच सुचवत होतो, इतका मी घाबरलो होतो. पेपराची घडी घातल्याचा आवाज आला.

"पत्ते खेळून राह्यला," बाबा म्हणाले, वर्गात हजेरी घ्यायचे त्या आवाजात, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. "ड्युटीवर हाय तो, भैयाजी. पाच वाजता सुटते. तवा येजो."