चिक्कूच्या घरी मालक

आमच्या ह्यांना बेकरीत कुणी नावानं हाक मारत नाही. चिक्कू म्हणतात. कुणी कवडीचुंबक म्हणतं, कुणी चिकट. शेजारीण तर माझ्या तोंडावर म्हणते, तुमचे जरा हात राखूनच खर्च करतात हो. जरा! मैद्याच्या पोत्यांची सुतळी उसवून घरी आणणारा माणूस.

म्हणून बेकरीचे म्हातारे मालक दुपारी चहाला येतो म्हणाले, तेव्हा मी आधी घरभर नजर फिरवली. त्यांना बेकरी कुणाच्या तरी हाती सोपवायची होती, पैसे सावकाश हप्त्यानं दिले तरी चालणार होते. ह्यांचं उभं आयुष्य दुसऱ्याच्या भट्टीपुढे गेलं. ही संधी हुकली की संपलंच. आणि चिक्कूच्या हाती धंदा कोण देईल?

मी कंबर कसली. सुतळीचे गुंडे, धुऊन ठेवलेल्या पिशव्या, साबणाचे तुकडे, सगळं पलंगाखाली कोंबलं. शेजारणीकडून कप आणि खुर्च्यांची मखमली आवरणं आणली. केकही विकत आणला, चांगला महागातला. भरदुपारी घरातले सगळे दिवे लावले. हे नुसते त्या दिव्यांकडे बघत होते. मी डोळे वटारले, तेव्हा नजर वळवली.

मालक आले. दिव्यांकडे बघितलं, केककडे बघितलं. केक दुसऱ्या बेकरीचा आहे हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. काय म्हणावं माझ्या डोक्याला! त्यांनी अर्धा कप चहा घेतला आणि उठले.

दारात बूट घालताना ते ह्यांना म्हणाले, "लोक तुला चिकट म्हणतात, म्हणून तर आलो होतो. गिऱ्हाईक आटतं तेव्हा आधी बाजूला टाकलेले पैसेच भट्टी पेटती ठेवतात. पण घरात हा थाट असेल तर कसं जमायचं?"

मला माझाच असा संताप आला की मी खुर्चीवरचं आवरण ओढून काढलं. खाली ठिगळावर ठिगळ. पलंगाखालचं सगळं मालकांपुढे आणून ओतलं. कप, आवरणं, सगळं शेजारणीचं आहे म्हणून सांगून टाकलं आणि दिवे खटाखट बंद केले.

मालकांनी सुतळीचा एक गुंडा उचलला, फिरवून बघितला आणि ह्यांना विचारलं, इतकं नीट कोण गुंडाळतं?

"ही," हे चाचरत म्हणाले. "मी फक्त आणतो. पुढचं बघून घर चालवते ती हीच. हिला कुणी चिक्कू म्हणू नये, म्हणून लोक मला म्हणतात ते म्हणू देतो."

मला हे ठाऊकच नव्हतं. चारचौघांत मीही ह्यांना चिक्कूच म्हणत आले होते.

मालकांनी बूट काढले, ठिगळाच्या खुर्चीत येऊन बसले आणि हप्त्यांचं तुमच्याशीच बोलतो, असं मला म्हणाले. काहीतरी करायला हवं म्हणून मी दिवा लावायला वळले.

"असू दे," हे म्हणाले. "उजेड आहे."